एरनच्या कानातला इअरफोन

'प्रायमर' हा टाइम मशीन बनवणाऱ्या दोन मित्रांचा, एरन आणि एबचा, पिक्चर बघून झाला की माणूस पहिलं काय करतो, तर मोबाईल काढून त्यातल्या काळाच्या फेऱ्यांचा चार्ट शोधतो. कुठला एरन कितव्यांदा आला, कुठला एब कुठल्या बॉक्समधून बाहेर पडला, लाल रेघ, निळी रेघ, तुटक रेघ, आणि या सगळ्या रेघा एकमेकींत अशा अडकलेल्या की चार्ट समजायला परत पिक्चर बघावा लागतो. एक्सकेसीडी कॉमिकवाल्याने २००९ मध्ये काही सिनेमांतल्या पात्रांचे असे नकाशे काढले होते, कोण कुठे कुणाला भेटतं वगैरे, त्यात 'प्रायमर'च्या चौकटीत नुसता रेघांचा गुंता काढून विषय संपवला. मला तो जोक अजून आवडतो. पण चार्टांबद्दल माझं मत हळूहळू असं होत गेलंय की ते बरोबर असतीलही, फक्त ते भलत्याच प्रश्नाचं उत्तर देतात. कोण कितव्यांदा आला हे त्यात सापडतं. कोणी कोणापासून काय लपवलं, आणि केव्हापासून, हे शोधायला गेलं की चार्ट गप्प बसतो.

(पुढे पिक्चरमधलं सगळं सांगून टाकलंय. बघितला नसेल आणि बघायचा असेल तर इथेच थांबा, ७७ मिनिटांचाच आहे.)

आधी तो बनला कसा ते थोडं सांगतो, कारण त्याचा संबंध आहे. शेन करूथ नावाचा अमेरिकन माणूस, गणितात डिग्री, सॉफ्टवेअरमध्ये नोकऱ्या केलेल्या, सिनेमाचं रीतसर शिक्षण काही नाही. त्याने टेक्सासमध्ये डॅलसच्या आसपास पाच आठवड्यांत हा पिक्चर शूट केला, बजेट सुमारे ७००० डॉलर, म्हणजे तेव्हाच्या हिशोबाने तीन-सव्वातीन लाख रुपये. आपल्याकडे एवढ्यात लग्नाचा हॉल आणि जेवण पण नीट होत नाही. लिहिलं त्याने, डिरेक्ट केलं त्याने, कॅमेरा, एडिटिंग, म्युझिक सगळं त्याचंच, आणि दोन मुख्य पात्रांपैकी एरन पण तोच, कारण त्याला असे नट सापडेनात जे प्रत्येक वाक्यात ड्रामा ओतणार नाहीत. दुसरा, एब, म्हणजे डेव्हिड सुलिव्हन. बाकी बरेचसे लोक घरचे नाहीतर मित्र. सुपर सिक्स्टीन एमएमची फिल्म वापरायची तर एकेक फूट पैशाचं, म्हणून प्रत्येक शॉट आधी कागदावर ठरवून घेतलेला, रिटेक जवळपास नाहीतच. शूटिंग झालं पाच आठवड्यांत आणि त्यानंतरचं काम चाललं दोन वर्षं, त्यात अनेकदा सोडून द्यावंसं वाटलं असं तो नंतर सांगायचा. मग २००४ मध्ये पिक्चर सनडान्स या अमेरिकन फिल्म फेस्टिव्हलला गेला आणि तिथलं ग्रँड ज्युरी प्राइझ घेऊन आला, वर विज्ञानविषयक सिनेमांसाठी असलेलं स्लोन प्राइझ पण.

आता ही पैशाची काटकसर पिक्चरच्या आत पण आहे, आणि मला पहिल्यांदा पकडलं ते त्याने. चार इंजिनिअर, दिवसा नोकरी, संध्याकाळी टाय सुद्धा न काढता एकाच्या गॅरेजमध्ये जमून स्वतःचं काहीतरी करतायत. छोटे इलेक्ट्रॉनिक बोर्ड बनवून पोस्टाने विकतायत, त्यातून जे पैसे सुटतात त्यात पुढच्या प्रोजेक्टचं बघायचं. वाद कशावरून, तर आता पुढचा नंबर कोणाच्या आयडियाचा, पाकिटं कोण भरणार, गुंतवणूकदाराला कोण भेटणार. पॅलेडियम धातू पाहिजे तर गाडीच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधून काढतात, तांब्याची नळी पाहिजे तर फ्रिजच्या मागची कापतात. सगळे एकाच वेळी बोलतात, अर्धं वाक्य सोडून देतात, आणि जे बोलतात ते आपल्याला समजावं म्हणून बोलतच नाहीत, एकमेकांना तर समजतंयच ना, मग झालं. ज्यांनी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट केलाय त्यांना हे गॅरेज ओळखीचं वाटेल. चौघांची नावं रिपोर्टवर, काम दोघांचं, एक बाइंडिंगच्या दिवशी उगवणार आणि एकाला व्हायव्हात सगळ्यात जास्त मार्क. पडद्यावर लोक खरोखर काम करताना जसे बोलतात तसे बोलताना मी फार कमी वेळा बघितलेत. पिक्चरमधले शास्त्रज्ञ बहुतेक वेळा फळ्यापुढे उभे राहून आपल्याला शिकवत असतात.

करूथने शोधांचा इतिहास वाचून दोन गोष्टी उचलल्या असं त्याने सांगितलंय, एक म्हणजे जी गोष्ट पुढे सगळ्यात मोलाची ठरते तिला आधी साइड इफेक्ट म्हणून बाजूला टाकलेलं असतं, आणि दुसरं म्हणजे पहिल्या मॉडेलला चकचकीत लाइटी वगैरे नसतात. इथे तसंच होतं. चौघांतले एरन आणि एब बनवायला जातात वस्तूचं वजन कमी करणारं यंत्र. ते थोडंफार जमतं पण. मग एबला दिसतं की आत ठेवलेल्या खेळण्यातल्या बाहुलीवर बुरशीचा थर येतोय, लॅबमध्ये दाखवलं तर कळतं की एवढा थर जमायला पाच-सहा वर्षं लागतील, आणि बाहुली आत होती जेमतेम पाच दिवस. घड्याळ ठेवून बघितलं, बाहेर एक मिनिट तर आत १३०० हून जास्त मिनिटं. पुढची पायरी ओघानेच आली, माणूस मावेल एवढा बॉक्स बनवायचा आणि त्यातून काळात मागे जायचं.

याची रीत मी एकदा नीट सांगून टाकतो, कारण मला ती मनापासून आवडते आणि टाइम मशीनच्या गोष्टींमध्ये इतकी शिस्त सहसा नसते. समजा सकाळी नऊला बॉक्स चालू केला. म्हणजे टायमर लावून तिथून निघून गेलात, बॉक्स पंधरा मिनिटांनी तापणार, तोपर्यंत तुम्ही लांब. मग दिवसभर हॉटेलच्या खोलीत पडून राहायचं, फोन नाही, टीव्ही नाही, कुणाशी संबंध नाही. दुपारी तीनला कुठले शेअर चढले ते बघायचं, परत यायचं, बॉक्स बंद होत असताना आत शिरायचं आणि ऑक्सिजनची टाकी घेऊन सहा तास आत पडून राहायचं. बटण दाबून भुर्रकन मागे जाणं नाही, जितकं मागे जायचं तितका वेळ आत काढावाच लागतो. बाहेर पडलात की सकाळचे नऊ. आता दिवस परत तुमचा, दुपारचे भाव माहीत असलेला, फक्त तिकडे हॉटेलात दुसरे तुम्ही आहातच आणि त्याने दुपारी वेळेवर येऊन बॉक्समध्ये शिरलं पाहिजे, नाहीतर तुम्ही कायमचे दोन. आणि बॉक्स पहिल्यांदा चालू झाला त्याच्या मागे कुणालाच जाता येत नाही. बस, एवढेच नियम. शेअर पण ते मधल्या आकाराच्या कंपन्यांचे घेतात, ज्यात उलाढाल भरपूर, म्हणजे यांनी घेतलेलं कुणाच्या डोळ्यावर येणार नाही. किती मध्यमवर्गीय टाइम मशीन आहे बघा. डायनासोर बघायचे नाहीत, इतिहास बदलायचा नाही, दिवसाला थोडा प्रॉफिट काढायचा आणि घरी जायचं!

मोबाईलचा एक सीन आहे, तो तर क्लासच. हॉटेलात बायकोचा फोन येतो, आणि तोच फोन एरन चुकून खिशात घेऊन मागे जातो. मग तीच वेळ परत येते आणि खिशातला फोन वाजतो. आता एका नंबरचे दोन फोन एकाच गावात आहेत, नेटवर्कने दोन्ही वाजवले का एकच? एक शोधून तिथेच थांबलं असेल तर हॉटेलातल्या एरनचा फोन वाजलाच नाही, म्हणजे आपण काहीतरी बदलून बसलो. जगबुडीची शंका आणि ती कशावरून, तर टॉवर कॉल कसा जोडतो यावरून. दोघंही रस्त्यात उभे राहून त्यावर इंजिनिअरसारखा वाद घालतात, घाबरत नाहीत. घाबरायला पाहिजे होतं खरं तर.

इथपर्यंत पिक्चर कोडं आहे आणि मजा येते. याच्यापुढे मला तो कोडं वाटत नाही.

नोकरी सांभाळून माझंही एक काम होतं काही वर्षांपूर्वी, मी आणि एक मित्र. वर्कशॉपमधल्या मशीनचं टेंपरेचर मोबाईलवर दाखवणारा छोटा बोर्ड, भोसरी-चाकणकडच्या बारक्या युनिटवाल्यांना विकायचा. रात्री त्याच्या फ्लॅटवर बसायचो, तो सोल्डरिंग करायचा, मी कोड लिहायचो, पैसे फार नव्हते पण मजा होती. एक दिवस एका गिऱ्हाइकाने सहज म्हटलं, तुमचे पार्टनर तर याच्यापेक्षा कमी सांगून गेले होते. मी म्हटलं कधी? तर बरेच आधी. म्हणजे तो एकटाच जाऊन भेटून आला होता, वेगळा रेट देऊन. रक्कम किरकोळ होती, भांडण सुद्धा मोठं झालं नाही, काम मात्र आपोआप थंडावलं. माझ्या डोक्यात नंतर जे चाललं ते रेटचं नव्हतंच. मी मागचं एकेक बोलणं काढून तपासत बसलो. त्या रात्री चहा पिताना त्याने विचारलं होतं, अरे त्या गिऱ्हाइकाचं काय करायचं रे, तेव्हा तो भेटून आलेला होता का? मी प्लॅन सांगत होतो आणि तो मान हलवत होता, ती मान हलवणं काय होतं मग? ज्या संध्याकाळी मला चांगल्या आठवत होत्या त्याच आता शंकेच्या झाल्या. पुढचं जे बिघडायचं ते बिघडलंच, पण मागचं पण बिघडतं, हे मला तेव्हा कळलं.

आणि 'प्रायमर' दुसऱ्यांदा बघताना नेमकं हेच होतं.

सुरुवातीच्या भागातला तो बाकावरचा सीन आठवा. एबने एकट्याने बॉक्स वापरून बघितलाय, आता तो ही बातमी एरनला सांगायला येतो. एरन बाकावर बसलाय, कानात इअरफोन, बास्केटबॉलची मॅच ऐकतोय म्हणे. एब सावकाश, अडखळत, मित्राला पेलवेल अशा बेताने विषय काढतो, मग त्याला बॉक्स ठेवलेल्या स्टोरेजच्या जागी नेऊन दुर्बिणीतून दाखवतो की बघ, तो तिकडे आत जातोय तो मीच. एरनचा चेहरा बघण्यासारखा. शेवटाकडे कळतं की इअरफोनमध्ये मॅच नव्हतीच. एरनने ही सगळी बोलणी आधी रेकॉर्ड करून ठेवलेली, तो मागे येऊन तेच दिवस परत जगतोय आणि कानात पुढचं वाक्य ऐकून एबला उत्तर देतोय. आपण पिक्चरच्या सुरुवातीला बघितला तो सीनही बहुतेक असाच, इअरफोनवाल्या एरनचा होता, असं मानणारे पुष्कळ आहेत आणि मलाही तेच पटतं. म्हणजे दोन मित्र बरोबरीने एक गुपित वाटून घेतायत असा सीन आपल्याला दाखवलेलाच नाही. आपण बघायला लागलो तेव्हाच एकाला सगळं माहीत होतं आणि दुसरा एकटाच आनंदात होता.

हे कळल्यावर सगळा पिक्चर मागून पुढे कुजत येतो. मध्येच एका सीनमध्ये एरनची बायको म्हणते की माळ्यावर काहीतरी खुडबुड होतेय, उंदीर असतील. उंदीर नाहीत, एरनने स्वतःच्याच दुधात गुंगीचं औषध घालून त्या आधीच्या एरनला वर कोंडलंय. पुढे आणखी एक एरन हेच करायला येतो तेव्हा इतका दमलेला असतो की दोघांच्या झटापटीत हरतो, मग दोघं तडजोड करतात आणि एक निघून जातो. आणि पिक्चरभर जो आवाज फोनवर गोष्ट सांगतोय तो यांच्यातलाच एक. चार्टवाले इथे एरन एक, एरन दोन, एरन तीन करत बसतात. करायला हरकत नाही, पण ज्या माणसाने स्वतःला दूध पाजून बेशुद्ध केलं तो मित्राचं काय करेल हा प्रश्न मला जास्त मोठा वाटतो.

तरी सगळा दोष एरनच्या माथी मारला तर ते पण सोपं होईल. चोरी आधी एबनेच केली. त्याने पहिल्या दिवसापासून एक जादा बॉक्स गुपचूप चालू ठेवला होता, काही भयंकर झालं तर अगदी सुरुवातीला परत जाता यावं म्हणून, आणि एरनला त्याबद्दल अवाक्षर बोलला नाही. हेतू चांगलाच होता. एब जबाबदार माणूस, काळजी घेणारा, म्हणून त्याने सगळ्यांच्या वतीने एकट्याने निर्णय घेतला. एरनला तो बॉक्स सापडला आणि त्याने तो वापरला. लपवण्याची सुरुवात सज्जन माणसाने केली हा या पिक्चरमधला मला सगळ्यात बोचणारा भाग आहे, कारण तसं आपण सगळे करतो, बायकोपासून, आईवडिलांपासून, पार्टनरपासून, आणि त्याला काळजी असं नाव देतो. करूथ पण मुलाखतींमध्ये विश्वासाबद्दलच बोलायचा, पणाला काय लागलंय त्यावर विश्वास किती टिकतो याबद्दल. टाइम मशीन त्याला हवं होतं ते पणाला लावायची रक्कम वाढवायला.

ग्रेंजरचं तसंच. थॉमस ग्रेंजर म्हणजे एबची गर्लफ्रेंड रेचल हिचे वडील, ज्यांच्याकडून कधीतरी पैसे उभे करायचा यांचा विचार. एका रात्री ते बाहेर गाडीत दिसतात, दाढीचे खुंट वाढलेले, आणि घरी फोन लावला तर ग्रेंजर घरात. म्हणजे तेही बॉक्समधून आलेत. कुणी सांगितलं त्यांना, का सांगितलं, पुढे असं काय होणार होतं की सांगावं लागलं? पिक्चर याचं उत्तर देत नाही, ग्रेंजर एबच्या जवळ आले की कोमात गेल्यासारखे पडतात आणि विषय तिथेच राहतो. यावरून लोक फार चिडतात, स्क्रिप्टमधलं भोक म्हणतात. मला ते चिडणं समजतं पण पटत नाही. ग्रेंजरना सांगणारा या दोघांपैकीच एक असणार आणि ते त्याने अजून केलेलंही नाही, तेव्हा दोघं एकमेकांकडे बघतात आणि दोघांनाही खात्री देता येत नाही, समोरच्याची सोडा, स्वतःची पण नाही. तिथे कारण सांगितलं असतं तर एकाची सुटका झाली असती. ती न होणंच बरोबर.

अर्थात पिक्चरमध्ये कच्चं काही नाहीच असं नाही. आवाज काही ठिकाणी इतका पुटपुटता की सबटायटल्स लावल्याशिवाय गत्यंतर नाही, बायका फक्त दार उघडायला आणि काळजी करायला आहेत, आणि शेवटची वीस मिनिटं इतकी घाईत उरकलीत की ती गुंतागुंत आहे का पैसे संपले होते अशी शंका येते. पार्टीतल्या बंदूकवाल्या प्रसंगाला तर अजून पाच मिनिटं मिळायला पाहिजे होती. रेचलचा जुना बॉयफ्रेंड बंदूक घेऊन येतो, पहिल्या वेळी कुणी मेलेलं नाही, तरी एरनला तो प्रसंग परत परत करून बघायचाय, आपण हिरो ठरेपर्यंत. आधी शेअरचे पैसे मिळत होते ते पुरेना, आता कौतुक पण ठरवून पाहिजे. आणि तोपर्यंत दोघांचं अक्षर बिघडलंय, कानातून रक्त येतंय, आणि त्याचं कारण शोधायला या दोन इंजिनिअरांना वेळ नाही.

करूथने नंतर २०१३ मध्ये 'अपस्ट्रीम कलर' केला, तो वेगळा, त्याच्याबद्दल कधीतरी वेगळं लिहीन. 'अ टोपिअरी' नावाच्या मोठ्या प्रोजेक्टवर त्याने वर्षं घालवली आणि पैसे उभे राहिले नाहीत. सात हजारात पिक्चर करणाऱ्या माणसाला जास्तीचे पैसे देताना लोक घाबरतात बहुतेक.

एअरपोर्टवर दोघं वेगळे होतात. एब म्हणतो मी इथेच राहणार, म्हणजे ते जुने एब आणि एरन, ज्यांना अजून काहीच माहीत नाही, त्यांच्या आसपास लपून राहून त्यांचं यंत्र दर वेळी बिघडवत राहणार, त्यांना ते कधी सापडूच नये म्हणून. परत तेच, सगळ्यांच्या वतीने एकट्याने ठरवलेलं. एरन निघून जातो. शेवटच्या शॉटमध्ये तो कुठल्यातरी फ्रेंच बोलणाऱ्या मुलुखात आहे, एका मोठ्या गोदामात, अख्ख्या खोलीएवढा बॉक्स बांधून घेतोय. बरोबर कामगार आहेत, हा मोजमापं सांगतोय, ते खिळे ठोकतायत, आणि आपण काय बांधतोय हे त्यातल्या कुणालाही माहीत नाही. यावेळी त्याने पार्टनर घेतलेला नाही.